तक्तेबाईंचं खोटं भांडण

रोज सकाळी पावणेसातला बसडेपोत एक तमाशा व्हायचा आणि तो चुकू नये म्हणून ड्रायव्हर-कंडक्टर चहाचे कप घेऊन खिडकीपाशी उभे राहायचे. खिडकीच्या आत ड्यूटीचे तक्ते लावणाऱ्या तक्तेबाई, बाहेर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. भावाला डेपोत सगळे दगड्या म्हणायचे, कारण नऊ वर्षं त्याच्या नशिबी दगडखाणीची फेरी होती.

"द्या तक्तेबाई, द्या ड्यूटीची चिठ्ठी. आजही खाणीतच गाडायचंय ना मला?"

"तुला गाडायला खाण कशाला लागते? तुझी जीभ पुरे आहे."

"आणि तुमची? ती तर डिझेलवर चालते!"

खिडकी धाडकन बंद व्हायची. लोक खो खो हसायचे. एखादा म्हातारा कंडक्टर मान हलवायचा, "काय बाई ही! पाठच्या भावावर एवढा दात?" आणि मग ज्याची त्याची गाडी बाहेर पडायची.

आता तुम्हाला खरं सांगतो. ते भांडण खोटं होतं. अगदी शंभर टक्के खोटं. त्याच संध्याकाळी बाई भावाच्या घरी जाऊन भावजयीच्या हातचं गरम जेवायच्या, भाची "आत्या, आत्या" करत गळ्यात पडायची आणि भाऊ विचारायचा, "ताई, आजची डिझेलची कशी होती?" बाई म्हणायच्या, "बरी होती. पण जरा जोरात बोल, मागच्यांना ऐकू येत नाही."

हे सोंग करायचं कारण असं, की दगड्याला अंधारात दिसत नव्हतं.

दिवसा माणूस ठणठणीत. लांबचा मैलाचा दगड वाचेल, आरशात मागची सायकल हेरेल. पण उजेड उतरला की त्याच्यापुढे कुणी चादर टाकल्यासारखं व्हायचं. नऊ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्याच्या बसनं रस्त्याकडेच्या दुधाच्या हातगाडीला घासलं. दूधवाला चहा प्यायला गेला होता म्हणून वाचला. दगड्या म्हणाला, हातगाडीच रस्त्याच्या मध्ये होती. बाईंनी ऐकून घेतलं. चार दिवसांनी तो त्यांच्या घरी आला असताना दिवेलागणीला त्यांनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला आणि त्याचा हात पेल्याच्या शेजारून निघून गेला. दुसऱ्याच दिवशी बाई त्याला तपासायला घेऊन गेल्या. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, पडदाच तसा आहे, चष्मा नाही, औषध नाही, अंधारात गाडी चालवायची नाही. डेपोच्या वार्षिक तपासणीत भर दुपारी भिंतीवरची अक्षरं वाचून घेतात, त्यात दगड्या दरवर्षी पहिला.

सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. बाईंनी तोंडाला कुलूप लावलं.

कुलूप लावणं सोपं नव्हतं बरं का. एकशे बारा ड्रायव्हर आणि त्याहून जास्त कंडक्टर. भिंतभर लाकडी फळा, त्यावर ओळीनं खिळे आणि खिळ्यांना नावांच्या पत्र्याच्या पाट्या. दर गुरुवारी बाई स्टुलावर चढून पुढच्या आठवड्याच्या पाट्या लावायच्या, मग खाली उतरून तोच तक्ता पेन्सिलीनं मोठ्या रजिस्टरात. कुणाच्या बायकोला कोणत्या वारी दवाखान्यात न्यायचं असतं, कोणत्या दोन कंडक्टरांचं एकमेकांशी पटत नाही, कुणाचा गुडघा क्लच दाबताना ओरडतो, सगळं त्या बाईच्या डोक्यात. कुठं लिहिलेलं नाही. गोचिडीसारखे लोक खिडकीला चिकटायचे, "बाई, एवढं बघा ना." बाई आधी खेकसायच्या, मग बघायच्या.

अशा ठिकाणी सख्ख्या भावाला कायम दिवसपाळी दिली तर? पहिल्याच महिन्यात बोंब झाली असती. म्हणून बाईंनी डोकं चालवलं. सगळ्यांना नको असलेली एक फेरी होती, दगडखाणीची. सकाळी सातला सुटते, दुपारी तीनला परत. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. धूळ अशी की थुंकलं तर चिखल पडावा. ती त्यांनी भावाच्या गळ्यात बांधली आणि वर भांडण चालू केलं. दिवसपाळी मिळाली हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. सगळ्यांना दिसली ती धूळ.

एकदा हिवाळ्यात खाणीवर गाडी बंद पडली, दुरुस्तीला चार तास लागणार, म्हणजे येताना अंधार. बाईंनी भर डेपोत आरडाओरडा केला, "त्या गधड्याच्या हातात गाडी देऊ नका आता, उरलेलीही मोडून आणेल! दुसरा ड्रायव्हर पाठवा!" दुसरा गेला. दगड्या मागच्या सीटवर बसून घरी आला. लोक म्हणाले, "बघा, किती अपमान करते भावाचा." बाई घरी जाऊन ढसाढसा रडल्या, आणि ते रडणं अपमानाचं नव्हतं, सुटकेचं होतं.

हे बरोबर होतं का? नव्हतं. मी काही बाईंची आरती करायला बसलेलो नाही. त्यांनी कायदा मोडला, नऊ वर्षं मोडला. पण त्या नऊ वर्षांत दगड्याच्या हातून एका कोंबडीलाही धक्का लागला नाही, आणि ते त्या पत्र्याच्या पाट्यांमुळे, हेही तितकंच खरं.

मग ते यंत्र आलं.

यंत्र म्हणजे काही अवजड धूड नव्हे. टाय लावलेला एक पोरगेला साहेब आणि त्याच्या बगलेत एक लॅपटॉप. मुख्य कचेरीनं ठरवलं होतं की सगळ्या डेपोंचे तक्ते आता कृत्रिम बुद्धिमत्ता लावणार. कृत्रिम बुद्धिमत्ता! असल्या बुद्धीला पुस्तकं लागत नाहीत, फी लागत नाही, लागतं काय तर दुसऱ्यानं जन्मभर केलेलं काम, आयतं. टायवाल्यानं बाईंची अकरा रजिस्टरं उचलली, पानापानाचे फोटो काढले आणि म्हणाला, "मॅडम, सिस्टम तुमच्याकडून शिकणार आहे. अभिमान वाटायला पाहिजे तुम्हाला."

"शिकून झाल्यावर माझं काय?"

"तुम्ही मग मोठ्या निर्णयांकडे लक्ष देऊ शकाल."

मोठे निर्णय म्हणजे हरवलेल्या सामानाची खोली. छत्र्या, डबे आणि एका पायातल्या चपला. बाईंची बदली तिथं होणार हे शिपायाला आधी कळलं, बाईंना नंतर.

तीन आठवडे टायवाला त्यांच्यासमोर बसला. एकेक ओळ दाखवायचा आणि विचारायचा, हे असं का? बाई सांगायच्या. दात ओठ खात, पण सांगायच्या, कारण त्यांना वाटायचं, निदान ज्याच्या बायकोचा दवाखाना आहे त्याचे हाल नकोत. मग दगडखाणीची ओळ आली.

"हा एकच माणूस नऊ वर्षं याच फेरीवर. का?"

हजार कारणं तोंडपाठ असलेल्या बाईला एक खोटं कारण सुचेना. शेवटी सवयीनं तोंडातून निघालं ते खिडकीवर कुणी 'असं का' विचारलं की फेकायचं वाक्य.

"माझी मर्जी."

टायवाल्यानं ते टाइप केलं. जसंच्या तसं.

त्याच आठवड्यात सगळ्या कामगारांच्या फोनवर एक फॉर्म आला. ड्यूटी लावताना कुणावर अन्याय होतो असं वाटतं का? नाव गुप्त राहील. आणि आपल्या डेपोतली भली माणसं, ज्यांनी नऊ वर्षं चहा पीत तो तमाशा बघितला होता, त्यांच्या मनात दया दाटून आली. साठ-सत्तर जणांनी लिहिलं, दगड्यावर अन्याय होतो. त्याची बहीण त्याच्यावर सूड घेते. ज्या म्हाताऱ्या कंडक्टरला धड मेसेज पाठवता येत नाही, त्यानं नातीकडून लिहून घेतलं. काय बोलणार? सोंग इतकं झकास वठलं होतं की प्रेक्षक रंगमंचावर चढले.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता पहिला तक्ता आला. भिंतीवर नाही, प्रत्येकाच्या फोनवर. खिडकी बंद, फळा उतरवलेला, पत्र्याच्या पाट्या एका खोक्यात. डेपो मॅनेजरनं बाईंना केबिनमध्ये बोलावलं. टायवाला बाजूला बसून हसत होता, बक्षीस मिळाल्यासारखा.

मॅनेजर वाचू लागले. "सिस्टमनं अकरा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास केला. एका कर्मचाऱ्याला सातत्यानं सर्वांत त्रासदायक फेरी दिल्याचं आढळलं. संबंधित लिपिकाच्या स्वतःच्या शब्दांत कारण, 'माझी मर्जी'. सहकाऱ्यांच्या तक्रारी जुळतात. भरपाई म्हणून त्या कर्मचाऱ्याला सहा महिने सर्वाधिक पसंतीची ड्यूटी देण्यात येत आहे." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला मेमो आहे बाई. सख्ख्या भावाला असं वागवायचं?"

"कोणती ड्यूटी?" बाईंनी विचारलं.

"लांब पल्ल्याची वातानुकूलित गाडी. सोमवारपासून. संध्याकाळी साडेसातची."

बाहेर एकच कल्ला झाला होता. पोरांनी दगड्याला खांद्यावर घेतलं होतं. साडेसातची गाडी म्हणजे मऊ सीट, गुळगुळीत रस्ता, वर भत्ता. बारा-पंधरा वर्षं नोकरी झालेले तिच्यासाठी जीव टाकायचे. "सुटलास रे दगड्या! जिरली बाईची!" दगड्या हसत होता. हसावंच लागत होतं. खांद्यावरून त्यानं केबिनच्या दारातल्या बहिणीकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

शनिवारी दुपारी बाई त्याच्या घरी गेल्या. भावजय गणवेशाला इस्त्री करत होती.

"ताई, आलीस ते बरं झालं," दगड्या म्हणाला. "मी ठरवलंय. जातो मी सोमवारी."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"हायवे आहे तो. दिवे असतात. कंडक्टर पोरगा हुशार आहे, त्याला पुढं बसवतो."

"अरे, चाळीस माणसं मागं झोपलेली असतात! कुणाच्या भरवशावर? कंडक्टरच्या?"

"मग काय करू ते तरी सांग!" तो ओरडला. भावजयीनं इस्त्री उभी करून ठेवली. "तपासणीला जाऊन सांगू? पूर्वी ड्रायव्हर अधू झाला की गेटवर बसवायचे. आता गेट कॅमेरा उघडतो. डिझेलच्या नोंदीला बसवायचे, त्या आता आपोआप होतात. चौकशीच्या खिडकीत यंत्र बोलतं. तुझ्या हाताखाली घेतलं असतंस, तर तुझीच खोली राहिली नाही. कुठला कोपरा उरलाय ताई? सरळ घरी! आणि मुलीचं कॉलेजचं पहिलं वर्ष आहे."

बाईंनी स्वतः दोन अधू ड्रायव्हरांना असे कोपरे मिळवून दिले होते. ते दोघे निवृत्त झाले, त्यांच्या खुर्च्याही गेल्या.

"मी बदलून घेते ड्यूटी," त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत थांब."

"नको बदलूस." तो आता हळू बोलत होता आणि ते जास्त लागत होतं. "काल पहिल्यांदा लोकांनी माझा हात हातात घेतला. नऊ वर्षं मी दगड्या आहे. तू खिडकीच्या आत होतीस, धूळ मी खाल्ली. कधी कधी मला वाटायचं, ताईला ते भांडण आवडायला लागलंय."

बाईंनी पदर खोचला आणि निघून आल्या. रस्ताभर त्यांना एकच टोचत होतं. थोडंसं आवडत होतंच की.

सोमवारी सकाळी त्या टायवाल्यासमोर उभ्या राहिल्या. "साडेसातच्या गाडीवर दुसरा माणूस घाला."

"घालता येईल ना मॅडम! शेवटचा शब्द माणसाचाच आहे, हेच तर आमचं वैशिष्ट्य. कारण निवडा फक्त." त्यानं पडदा वळवला. रजा, प्रशिक्षण, आपसात बदली. बाईंनी आपसात बदली दाबलं. लाल अक्षरं आली.

"अरे हो," टायवाला म्हणाला, "या ओळीत तुम्हाला बदल करता येणार नाही. तुमचा पूर्वग्रह नोंदवलेला आहे. सिस्टम त्याचं तुमच्यापासून संरक्षण करते."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती ही. "माझ्यापासून?" बाई म्हणाल्या. "अरे मेल्या, माझ्यापासून? त्याला ताप आला तर रात्रभर मांडीवर घेऊन बसलेय मी! तुझं ते डबडं काय संरक्षण करणार त्याचं?"

"भावनिक होऊ नका मॅडम. आकडे खोटं बोलत नाहीत."

आकडे खोटं बोलत नाहीत! आकड्यांना काय ठाऊक, कोण कशासाठी खोटं बोललं ते? त्या रजिस्टरातली प्रत्येक ओळ खरी होती आणि सगळी मिळून एक थाप होती. ती थाप गिळून ते यंत्र ढेकर देत न्यायाधीश होऊन बसलं होतं. बाई मॅनेजरकडे गेल्या, त्यांनी हात वर केले. वरून आलंय, म्हणाले. भावाला फोन लावला. त्यानं उचलला नाही.

दुपारी चार वाजता बाई परत पडद्यापुढे बसल्या. एकच रकाना उघडा होता, तो सगळ्यांनाच उघडा असतो. आरोग्य. सुरक्षेला धोका असल्यास कळवा. त्यांनी एका बोटानं टाइप केलं. ड्रायव्हरला अंधारात दिसत नाही. खाली प्रश्न आला, ही माहिती आपल्याला कधीपासून आहे?

'आज' लिहिलं असतं तर त्या सुटल्या असत्या. निवृत्तीला चौदा महिने होते. पण आज म्हटलं, तर नऊ वर्षांच्या दगडखाणीचं कारण 'माझी मर्जी' हेच राहणार होतं. भाऊ तर जाणारच होता. निदान त्यानं धूळ कशासाठी खाल्ली एवढं तरी कुठंतरी लिहिलेलं राहू दे. बाईंनी लिहिलं, नऊ वर्षं. आणि बटण दाबलं.

दोन सेकंद लागले. दगड्याची ओळ पडद्यावरून गेली, खालच्या ओळी एकेक घर वर सरकल्या आणि साडेसातच्या गाडीवर दुसरं नाव आलं. पाटी खिळ्यावरून काढताना निदान वाजायची तरी.

पाच वाजता दगड्या इस्त्रीच्या गणवेशात, दाढी करून डेपोत आला. मॅनेजरनं त्याला आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा हातात टोपी होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं अंधाऱ्या खोलीत तपासणी केली, त्याला अर्धा तासही लागला नाही. दगड्याला घरी बसवलं. बाईंनाही निलंबित केलं, माहिती दडवली म्हणून. तेवढं रास्त होतं, त्या काही बोलल्या नाहीत.

पण पुढचं ऐका. आठवड्यानं मुख्य कचेरीचं पत्र नोटीस बोर्डावर लागलं. नव्या यंत्रणेमुळे नऊ वर्षं दडवलेला गंभीर धोका पहिल्याच आठवड्यात उघडकीस आला, संबंधितांचं अभिनंदन. संबंधित म्हणजे टायवाला! ज्या यंत्रानं रातांधळ्या माणसाला अंधारात चाळीस जिवांच्या पुढं बसवायला काढलं होतं, त्याचं अभिनंदन. आणि कपाळाला हात लावून घ्यावा असं दुसरं म्हणजे आपली माणसं. डेपोत एकानंही बाईंवर विश्वास ठेवला नाही. "शेवटी डाव साधलाच हो," म्हातारा कंडक्टर म्हणाला. "बिचाऱ्याला एकदा चांगली गाडी मिळाली, तीही बघवली नाही हिला. डोळ्यांचं काहीतरी काढून घरी बसवला." साठ-सत्तर जणांनी माना डोलावल्या. नऊ वर्षांचं सोंग बाईंनी इतकं मन लावून वठवलं होतं, आता ते उतरवून कुणाला दाखवणार?

बाईंना लोकांचं काही वाटलं नाही. लोक गेले खड्ड्यात. भाऊ फोन उचलत नव्हता, ते मात्र सहन होईना. तीन आठवडे थांबून एका दुपारी त्या त्याच्या घरी गेल्या. भाचीसाठी वह्या घेतल्या होत्या. दार वाजवलं. आतून भाचीचा आवाज आला, "कोण?" आणि लगेच बंद झाला. कुणीतरी तिला गप्प केलं असावं.

दार दगड्यानं उघडलं. पूर्ण नाही, अर्धं. भर दुपारचा लख्ख उजेड होता, त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. बहीण, हातातल्या वह्या, सुजलेले डोळे.

"काय काम आहे तुमचं, तक्तेबाई?" तो म्हणाला.

नऊ वर्षांच्या सवयीनं बाईंनी उलट उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्यांनी मागं वळून बघितलं. जिन्यात कुणी नव्हतं. हसायला, बघायला, चहाचा कप घेऊन उभं राहायला एकही माणूस नव्हता.